दुपट्यावरचे पांढरे दाणे

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मुलीचे लंगोट बदलताना मला शीच्या कडेला भाताच्या शितासारखे काहीतरी दिसले. आदल्या रात्री तिने वरणभात खाल्ला होता, त्यामुळे न पचलेले शीत असेल असे समजून मी ते पुसून टाकले. तिसऱ्या दिवशी दुपट्यावर तसेच दोन दाणे आढळले, तेव्हा मात्र मी त्यातला एक कापसाच्या बोळ्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. ते शीत आकसले. एका टोकाला निमुळते झाले, दुसऱ्या टोकाला फुगले आणि क्षणभराने पुन्हा लांब झाले. माझ्या हातातून कापूस पडला. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "जंत झालेत गं पोरीला. वावडिंगाचं पाणी तू बंद केलंस, तेव्हाच मी म्हटलं होतं."

त्या वेळी मुलगी सोळा महिन्यांची होती. तिची भूक, झोप, खेळणे सगळे व्यवस्थित होते आणि वजनही बरे वाढत होते. रात्री मधूनच ती चुळबुळ करत उठायची आणि बसल्या जागी खाली खाजवायची, एवढेच. या प्रकाराचा उलगडा व्हायला आम्हाला महिना लागला आणि त्यातून पूर्ण बाहेर पडायला पुढचे जवळजवळ तीन महिने. ज्या घरात लहान मूल आणि कुत्रे एकाच फरशीवर वाढत आहेत त्या घराला माझ्या नोंदी उपयोगी पडाव्यात, या हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कराडला जुन्या घरात राहतो. पुढे अंगण, मग ओटी आणि आत शहाबादी फरशीची मोठी खोली, जिच्या फरश्यांच्या सांध्यांतला माल ठिकठिकाणी निघून गेला आहे. दिवाळीनंतर माझा थोरला मुलगा शाळेच्या भिंतीच्या आडोशाला जन्मलेले एक पिल्लू घेऊन आला. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे होते, पाय काटकुळे आणि पोट मात्र टरारून फुगलेले. फुगलेले पोट म्हणजे जंत, एवढे मला ठाऊक होते. मी औषधाच्या दुकानातून पिल्लांना द्यायचे जंताचे पातळ औषध आणले आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पाजले. दुसऱ्या दिवशी त्याच्या विष्ठेतून शेवयांच्या गुंडाळीसारखे लांब पांढरे कृमी पडले, आठवड्याभरात पोट उतरले, अंगावर तुकतुकी आली आणि आम्ही त्याचे नाव मोत्या ठेवले. रेबीजची लसही वेळेवर टोचून घेतली. त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीत करायचे ते सारे आपण केले आहे, अशी माझी खात्री होती.

मुलीच्या बाबतीतही तशीच खात्री होती. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात. अंगणवाडीच्या ताईंनी माझ्यासमोर तिला ती चमच्याने पाजली होती. म्हणजे कुत्र्याला जंताचे औषध दिलेले होते आणि मुलीलाही दिलेले होते, मग हे जंत आले कुठून, हा प्रश्न घेऊन मी बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी माझे वर्णन ऐकले, मुलीला तपासले आणि हे सुतासारखे बारीक कृमी असावेत असे सांगितले. पांढरे कृमी, रात्रीची खाज, लहान मूल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांच्या मनात प्रथम हेच येणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असणार. हे कृमी रात्री गुदद्वाराजवळ येऊन अंडी घालतात, त्यातून खाज सुटते, नखांत अंडी अडकतात आणि नखांतून पुन्हा तोंडात जातात. ते फक्त माणसात राहतात आणि एका माणसापासून दुसऱ्याला होतात, त्यामुळे औषध घरातल्या सर्वांनी घ्यायचे असते. आम्ही सगळ्यांनी अल्बेंडॅझोल घेतले, दोन आठवड्यांनी पुन्हा घेतले, मुलीची नखे मुळापर्यंत कापली आणि चादरी रोज उकळत्या पाण्यात टाकल्या.

दुसऱ्या गोळीनंतर चौथ्याच दिवशी दुपट्यावर पुन्हा दाणे होते.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे तारीखवार नोंद ठेवण्याची सवय हाताला आहे. आठ मार्चपासून मी एका वहीत रोज लिहीत होते: किती दाणे, कधी, हलणारे की सुकलेले. ही वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सकाळी उठल्याबरोबर, अंघोळीपूर्वी, चिकटपट्टी गुदद्वाराजवळ दाबून ती काचपट्टीवर लावून आणायला सांगितले, कारण सुतासारख्या कृमींची अंडी अशा पट्टीला चिकटून येतात. तीन सकाळी पट्ट्या नेल्या, तिन्ही स्वच्छ निघाल्या. मग शीची तपासणी झाली. अहवालात लिहून आले की अंडी नाहीत, कृमी नाहीत. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही तेच. कागद म्हणत होता की मुलीच्या पोटात काही नाही, आणि माझ्या डोळ्यांना दर दोन-तीन दिवसांनी ते दिसत होते.

त्या दिवसांत घरातले वातावरण फार जड झाले होते. गूळ बंद झाला, केळी बंद झाली, वावडिंग पुन्हा सुरू झाले. शेजारच्या काकूंनी मूल माती खाते का यावर लक्ष ठेवायला सांगितले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सासूबाईंनी वावडिंगाच्या पाण्यावर चार मुले वाढवली होती आणि नातीच्या काळजीने त्यांचीही झोप उडाली होती. मला मात्र एक विचार सतत टोचत राहिला. आपण सगळे 'जंत' हा एकच शब्द वापरतो आहोत, त्या शब्दाचे औषध देतो आहोत, पण दुपट्यावर नेमके काय पडले आहे हे कोणीच पाहिलेले नाही. मी त्याचे वर्णन करत होते आणि डॉक्टर ते ऐकत होते. प्रत्यक्ष दाणा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

चार एप्रिलला सकाळी एक ताजा, हलणारा दाणा मिळाला. मी तो उकळून गार केलेल्या चिमट्याने उचलला, औषधाच्या दुकानातून आणलेल्या सलाइनमध्ये, झाकणाच्या छोट्या स्वच्छ बाटलीत ठेवला, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिली आणि कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट प्रयोगशाळेत गेले. एरवी शीच्या नमुन्याची डबी खिडकीतून आत सरकवून परत यायचे असते. त्या दिवशी मी खिडकीतल्या मुलाला सांगितले की हा नमुना डॉक्टरांनी स्वतः पाहावा अशी माझी विनंती आहे आणि मी येथेच थांबते.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावले. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हा सुतासारखा कृमी नाही. हा अख्खा कृमीच नाही. हा एका मोठ्या कृमीचा तुटलेला तुकडा आहे." त्यांनी तो दाणा दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवले.

मी पाहिले ते असे. काकडीच्या बीसारखा लांबट आकार, दोन्ही टोके किंचित निमुळती. दोन्ही लांब कडांवर, साधारण मध्यावर, एकेक बारीक खाच. आणि आत, दाबामुळे पसरलेल्या गरात, पारदर्शक पिशव्यांमध्ये गोल गोल अंड्यांचे घोस, द्राक्षांच्या लहान घडांसारखे, एकेका पिशवीत दहा-पंधरा. त्या दोन खाचांवरूनच या कृमीला डायपिलिडियम कॅनिनम हे नाव पडले आहे. पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ दोन दारांचा आणि दुसरा लॅटिन शब्द कुत्र्यावरून आलेला. मराठीत अशा कृमीला पट्टकृमी म्हणतात, कारण आतड्यात तो चपट्या फितीसारखा असतो, अर्ध्या मीटरपर्यंत किंवा थोडा अधिकही वाढतो, आणि त्याच्या शेपटाकडची पक्व पेरे एकेक करून सुटतात व बाहेर येतात. दुपट्यावर पडत होती ती ही पेरे. अंडी पेराच्या आत बंद असतात, विष्ठेत सहसा मिसळत नाहीत. म्हणूनच तीन वेळा तपासूनही अहवालात काही आले नव्हते. अहवाल खोटा नव्हता, आम्ही तपासायला चुकीची वस्तू देत होतो.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, "घरात कुत्रं आहे?" मी हो म्हटले. "त्याच्या अंगावर पिसवा आहेत?" या प्रश्नावर मला उत्तर सुचेना. जानेवारीपासून मोत्या शेपटीच्या मुळाशी सारखा कुरतडत होता. मी त्याला कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने दोनदा अंघोळ घातली होती आणि कुत्रे म्हटले की थोड्या पिसवा असायच्याच, असे मनाशी धरून ते सोडून दिले होते.

या कृमीचे फिरणे पिसवेवाचून होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून, किंवा नुसतेच गुदद्वारातून सरकत, पेर बाहेर पडते, सुकते, फुटते आणि अंड्यांच्या पिशव्या कुत्र्याच्या बसायच्या जागी विखुरतात. त्याच जागी पिसवांची अंडी पडलेली असतात आणि त्यांतून बारीक अळ्या निघालेल्या असतात. मोठी पिसू फक्त रक्त शोषते, तिला काही चावून खाता येत नाही. अळीला मात्र चावायचे तोंड असते, आणि ती धुळीतला कचरा खाता खाता कृमीची अंडीही गिळते. अळीची पिसू होईपर्यंत कृमीचे पिल्लू तिच्या पोटात तयार होऊन बसते. मग कुत्रे खाजते म्हणून दातांनी कुरतडते, पिसू गिळते आणि तीन-चार आठवड्यांत त्याच्या आतड्यात नवा पट्टकृमी पेरे टाकू लागतो. माणसालाही तो याच मार्गाने होतो, म्हणजे पिसू पोटात गेली तरच. कुत्र्याच्या अंगावरच्या एका जातीच्या उवेतूनही हा होऊ शकतो, पण गोचिडीतून होत नाही. कुत्र्याची विष्ठा हाताला लागल्याने हा थेट होत नाही, आणि एका मुलापासून दुसऱ्या मुलालाही होत नाही.

मी घरी येऊन मोत्याच्या गोणपाटाजवळ बसले, तेव्हा सगळे डोळ्यांसमोर आले. नुकती चालू लागलेली मुलगी दिवसातून दहा वेळा त्या गोणपाटावर जाऊन बसायची, मोत्याच्या मानेत बोटे खुपसायची आणि तीच बोटे तोंडात घालायची. मोत्या अंग कुरतडून झाले की तिचे तोंड चाटायचा, आणि आम्ही ते कौतुकाने पाहायचो.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. सासऱ्यांचे म्हणणे होते की कुत्रे उद्याच्या उद्या नदीपलीकडे सोडून यावे. शेजाऱ्यांचेही तेच मत पडले. थोरला मुलगा मोत्याला पोटाशी धरून ओटीवर बसला आणि जेवायला येईना. माझे मत मी शांतपणे मांडले आणि आजही ते तेच आहे. पिसवा फरशीच्या सांध्यांत आहेत, कुत्रे गेल्याने त्या जात नाहीत, उलट उपाशी राहिल्या की माणसांनाच चावतात. आणि ज्या जनावराला आपण घरात आणले, अर्धवट औषध देऊन विसरलो, त्याला आपल्या हयगयीची शिक्षा देणे हा न्याय नव्हे. यजमानांनी माझी बाजू घेतली. मुलगी बरी होईपर्यंत मोत्या अंगणात बांधलेला राहील, एवढ्यावर समेट झाला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सरळ सांगितले की हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. अल्बेंडॅझोल गोल कृमींवर आणि सुतासारख्या कृमींवर चांगले चालते, या पट्टकृमीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागते, एकच मात्रा, मुलाच्या वजनावर मोजून. मूल लहान असल्याने त्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी फोनवर बोलून घेतले, साडेनऊ किलो वजनावर मात्रा काढली आणि गोळीचा तेवढाच भाग तोलून पुडीत बांधून दिला. ही मात्रा कोणी वाचून घरी ठरवू नये, म्हणून येथे आकडा लिहीत नाही.

प्राझिक्वांटेल अतिशय कडू असते. मी पूड केळ्याच्या लगद्यात कालवली, पहिला चमचा मुलीने तोंडात घेतला आणि तिचा चेहरा असा झाला की मला रडू आले. तिने थोडे बाहेर काढले, ते मी बोटाने गोळा करून पुन्हा भरवले, वर मधाचे बोट चाटवले. एकूण चार चमचे आणि वीस मिनिटे लागली. पोटातून लांब फीत बाहेर पडेल अशी माझी कल्पना होती आणि पुढचे दोन दिवस मी धास्तीने लंगोट उघडत होते. तसे काहीही झाले नाही. या औषधाने कृमीचे स्नायू आखडतात, त्याची पकड सुटते, कातडी फाटते आणि तो आतड्यातच विरघळून जातो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. वहीत त्या दिवसापुढे शून्य आहे, आणि त्यानंतर रोज शून्यच आहे.

मुलीचे काम चार चमच्यांत झाले. खरे काम मोत्याचे आणि घराचे होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोत्याला वजनकाट्यावर उभे केले, अकरा किलो भरला. त्याच्या शेपटीच्या मुळाशी त्यांनी बारीक दातांची फणी फिरवली आणि फणीतली काळी रवाळ पूड ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली. मी पाहत असतानाच प्रत्येक काळ्या कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरत गेले. "ही धूळ नाही, वहिनी. ही पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे याचंच वाळलेलं रक्त," ते म्हणाले. मी पिल्लाला पाजलेल्या औषधाची रिकामी बाटली बरोबर नेली होती. त्यांनी लेबल दाखवले, पायरँटेल. गोल कृमी आणि अंकुशकृमी यांवर ते उत्तम, पण पट्टकृमीवर त्याचा काही परिणाम नाही. मोत्याला त्यांनी प्राझिक्वांटेल असलेली मिश्र गोळी दिली आणि मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही तिथे, पिसवांवरचे थेंब टाकले. आमच्या ओटीवर शेजारची मांजर येऊन बसते हे ऐकल्यावर त्यांनी बजावले की मांजरालाही हाच कृमी होतो, पण कुत्र्यासाठीचे औषध तिच्या अंगावर कधीही टाकायचे नाही. परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांना विषासारखी भोवतात.

त्यांच्याकडे त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हणून त्यांनी मला बसवून घेतले आणि जे सांगितले ते ऐकून माझी काळजी एकीकडे कमी झाली, दुसरीकडे वाढली. तुमच्या मुलीला झाला तो कुत्र्याच्या पोटातल्या कृमींपैकी सर्वांत निरुपद्रवी, असे ते म्हणाले. दिसतो, कळतो आणि एका मात्रेत जातो. पिल्लाच्या पोटातून शेवयांसारखे पडले होते ते गोल कृमी, टॉक्सोकारा, अधिक जपण्यासारखे. पिल्लाला ते आईच्या पोटातच होतात, दुधातूनही होतात, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासूनच औषध सुरू करायचे असते. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत पक्व व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मग मात्र ती वर्षानुवर्षे टिकतात. मुलाने मातीचा हात तोंडात घातला तर त्यातली अळी आतड्यात न थांबता यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरते, आणि माणसात ती कधी मोठी होऊन अंडी घालत नसल्याने शी तपासून ती सापडत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते. अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अंड्यांना पिकायला वेळच मिळत नाही. आम्ही ती आठवड्यातून एकदा, रविवारी, उचलत होतो.

आणि मग त्यांनी विचारले, "याला कच्चं मटण, कोथळा वगैरे घालत नाही ना?" आम्ही घालत नव्हतो, पण या प्रश्नाने मला माझे मामा आठवले. माझ्या लहानपणी मामांच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली होती आणि मिरजेला शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली होती. घरात तिला 'पाण्याची गाठ' एवढेच म्हणत. मामांच्या दारात मेंढरे असत, घरी कापलेल्या मेंढराची कोथळी-फुप्फुसे राखणीच्या कुत्र्यांपुढे टाकली जात आणि तीच कुत्री मामांच्या खाटेखाली झोपत. पशुवैद्य म्हणाले, ती हायडेटिडची गाठ असणार. तोही कुत्र्याच्या आतड्यातला एक पट्टकृमी, पण अवघा काही मिलिमीटर लांबीचा, त्यामुळे विष्ठेत नजरेला पडत नाही. त्याची अंडी मात्र बाहेर पडल्या क्षणापासून बाधतात आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे सावकाश गाठ वाढत राहते. कुत्र्याला कच्ची आतडी-यकृते न घालणे आणि नियमाने प्राझिक्वांटेल देणे, एवढ्याने तो फेरा तुटतो. मामांना हे कोणी कधी सांगितले नव्हते. पंचवीस वर्षांनी त्या बाकावर बसून मला ते प्रथमच कळले.

घराची सफाई मी अकरा एप्रिलला सुरू केली. गोणपाट जाळून टाकले आणि त्याच्या जागी जुन्या सुती साडीची घडी घातली, जी दर तिसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात टाकता येते. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगाला चिकटून राहत नाहीत, ती घरंगळून खाली पडतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अळ्यांना उजेड नको असतो, त्या सांध्यांत आणि कोपऱ्यांत खोल शिरतात. आमच्या फरशीचे निघालेले सांधे त्यांना आयतेच मिळाले होते. मी विणकामाच्या सुईने एकेक सांधा उकरला, निघालेला भुगा ओल्या फडक्याने टिपून साबणाच्या पाण्यात टाकला आणि खोलीभर उकळते पाणी फिरवले. कीटकनाशकाची फवारणी केली तेव्हा मुलांना दिवसभर माहेरी ठेवले. शेवटी गवंडी बोलावून सगळे सांधे सिमेंटने बुजवून घेतले. संपूर्ण खटाटोपात याच कामाला सर्वांत जास्त पैसे लागले, आणि सर्वांत जास्त उपयोग याच कामाचा झाला, असे माझे मत आहे.

मे महिन्याच्या मध्यावर, फवारणीला पाच आठवडे होऊन गेल्यावर, थोरल्याच्या पांढऱ्या मोज्यावर दोन पिसवा दिसल्या आणि माझा धीर खचला. पशुवैद्यांना फोन केला, तर त्यांनी हे अपेक्षितच असल्याचे सांगितले. अळी कोश विणून आत बसली की तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी महिनेसुद्धा, थांबून राहते आणि पावलांची धडधड, अंगाची ऊब किंवा उच्छ्वास जाणवला की बाहेर येते. म्हणून मानेवरचे थेंब एकदा टाकून भागत नाही. बाहेर आलेली प्रत्येक पिसू मोत्याच्या अंगावर चढून मरावी आणि नवी अंडी पडू नयेत, यासाठी ते दर महिन्याला टाकत राहायचे असतात. मे आणि जूनमध्ये आम्ही ते चुकवले नाहीत. रोज संध्याकाळी मी पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांतून चालायची आणि दिव्याखाली मोजे तपासायची. मोज्यावरची शेवटची पिसू एकोणीस जूनला सापडली, पाऊस सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात.

या काळात मुलीची शी आणखी दोनदा तपासून घेतली, आणि या वेळी मी खिडकीतून डबी सरकवण्याआधी आदल्या आठवड्याचे निरीक्षणही कागदावर लिहून दिले. दोन्ही वेळा काही निघाले नाही. थोरल्यालाही तपासले, त्याला काही नव्हते. प्रयोगशाळेच्या मॅडमनी ती काचपट्टी जपून ठेवली आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलांना ती दाखवतात, असे त्यांनी मला सांगितले. बालरोगतज्ज्ञही आता शितासारखे कृमी सांगणाऱ्या आईला प्रथम विचारतात की दाणा बाटलीत आणला आहे का, आणि मग घरात कुत्रे-मांजर आहे का. हे त्यांनीच मला मुलीच्या लसीच्या वेळी सांगितले, आणि मला त्याचे फार समाधान वाटले.

जुलैच्या पहिल्या रविवारी मोत्या अंगणातून पुन्हा ओटीवर आला. आता त्याची साडीची घडी एका लाकडी पाटावर असते आणि पाट सकाळी उन्हात उभा करतात. अंगणातली विष्ठा सकाळी अंघोळीपूर्वी उचलायची पाळी थोरल्याकडे आहे आणि तो ती चुकवत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाखाली मी दर तीन महिन्यांनी एका तारखेला लाल शाईने 'मोत्या, जंत' असे लिहीत असे. सासूबाईंनी परवा तिथे स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली आहे. 'जंत' खोडून त्यांनी लिहिले आहे: 'गोल व पट्ट, दोन्ही.'